पाच वेळा पुढे ढकललेली लढाई

तीर्थरूप मामा यांच्या सेवेशी,
भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा आणि जास्त मनापासून नमस्कार.

आपण उभयता खुशाल असाल, आपली पाठ, मामींचा गुडघा आणि दुकानातलं डोळे तपासायचं नवं यंत्र या तिन्हींची तब्येत ठणठणीत असेल, अशी आशा करतो. (इथवर 'आपण' लिहिलं ते आईच्या सांगण्यावरून. सव्वीस महिने ज्याच्याशी बोलणं नाही त्याला एकदम अरेतुरे करू नये, असं तिचं मत. पण शाळेत असताना तू सहा वर्षं आमच्याकडे राहिलास, दुमजली पलंगावर माझ्या डोक्यावर झोपलास आणि त्यातून दोनदा माझ्या अंगावर पडलास. अशा माणसाला मला 'आपण' म्हणवत नाही. इथून पुढे 'तू'.) तब्येतीची चौकशी मी केवळ रीत म्हणून करत नाहीये. आमच्या कार्यालयाच्या दृष्टीने तू गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला वारलास. ते कसं झालं हे सांगायला मला बरंच मागे जावं लागेल, तेव्हा पाठीमागे उशी घेऊन बैस.

पत्र कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू माझी वाट बंद करून ठेवली आहेस. आई म्हणते की तुमच्याकडचं टपाल मामी उघडतात. म्हणजे हे आधी त्यांच्याच हाती पडणार. म्हणून मामी, तुमच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. नऊ वर्षं दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मामा कानाला हेडफोन लावून ओरडत असायचा, तो आमचा खेळ. लढाईचा खेळ. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच रणांगणावर उतरतात, आणि दर चार माणसांची एक तुकडी असते. आमच्या तुकडीत मामा मशीनगन चालवायचा. दातांची डॉक्टरीणबाई लांबून नेम धरून मारायची (दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून काम केल्यावर तिला माणसं लांबच बरी वाटतात). गुरुजी, म्हणजे मला आठवीत गणित शिकवलेले, आता एकाहत्तर वर्षांचे, ते रणगाडा चालवायचे, आणि मुख्यतः मागे चालवायचे. आणि मी औषधोपचारवाला. पडलेल्या माणसाजवळ सरपटत जायचं, सुई टोचायची, माणूस उठतो. खऱ्या आयुष्यात रक्त तपासायला दिलं तरी मला झोपवावं लागतं, हे तुम्ही पाहिलेलंच आहे.

तर सव्वीस महिन्यांपूर्वी कंपनीने कळवलं की जुन्या खेळाचे सर्व्हर अमुक शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतील आणि सहा महिन्यांत दुसरा भाग येईल, जास्त मोठा, जास्त खरा. त्या शेवटच्या शनिवारी आपण चौघं पुलावर होतो. सहाला पाच मिनिटं कमी असताना मामा, तुला गोळी लागली. तू वाळूच्या पोत्यांमागे पडलास आणि मला हाक मारलीस. मी वीस पावलांवर होतो. पण दुसऱ्या बाजूला, तितक्याच अंतरावर, शेवटचा झेंडा होता, आणि तो घेतला असता तर नऊ वर्षांत पहिल्यांदा गुणफलकावर माझं नाव सगळ्यांच्या वर गेलं असतं. मी हिशेब केला की आधी झेंडा, मग मामा. कंपनीच्या घड्याळात मात्र माझ्या घड्याळापेक्षा लवकर सहा वाजले. पडदा काळा झाला. हेडफोनमध्ये तू म्हणालास, "मी अजून पडलोय रे." आणि मी म्हणालो, "जाऊ दे ना मामा, खेळच आहे." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

यानंतर जे झालं ते सगळं वाट पाहण्याचं आहे. माझ्यासारखे वाट पाहणारे अकराशे लोक एका ग्रुपवर जमले आणि त्यांनी मला प्रमुख केलं, कारण मला प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगता येत असे. कंपनीने चौऱ्याण्णव सेकंदांचा एक ट्रेलर काढला. मी तो किती वेळा पाहिला हे विचारू नकोस. एक्कावन्नाव्या सेकंदाला एका कोसळत्या भिंतीमागे लाकडी पेटी दिसते आणि तिच्यावर १४०९ असा आकडा रंगवलेला आहे. मी ग्रुपवर सिद्ध करून दाखवलं की खेळ चौदा सप्टेंबरला येणार. अकराशे जणांनी रजा टाकल्या. एकाने पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे नेलं. चौदा तारखेला आम्ही सगळे सकाळपासून पडद्यापुढे बसलो आणि दुपारी कंपनीने दोन ओळी लिहिल्या की त्यांची तारीख मुळात मार्चची आहे, १४०९ हा पेटीचा नुसता क्रमांक आहे, आणि पेटीत सफरचंदं आहेत. ऑपरेशनवाल्याने मला उद्देशून जे लिहिलं ते मामींसमोर लिहिता येत नाही. (तरीही मला प्रमुखपदावरून काढलं नाही. दुसरं कोणी ती जागा घ्यायला तयार नव्हतं.)

मग मार्च आला, आणि मार्चच्या आधी 'दर्जाशी तडजोड नको' असं पत्रक आलं, आणि मार्चचा जुलै झाला. याच काळात मी खेळासाठी नवा संगणक घेतला. आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावलं, पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून खिडकीला जाड कापड शिवून घेतलं. आज त्या संगणकावर आमची ही आपल्या रुग्णांना मानेचे व्यायाम छापून देते (ती सांधे-स्नायूंचे व्यायाम शिकवते, आणि माझी मान ही तिची सर्वांत जुनी केस आहे). बाकी त्याने काही केलेलं नाही. दरम्यान कंपनीने खेळाला लागणारा संगणक कसा असावा याचे नियम तीनदा वाढवले. म्हणजे ज्या खेळासाठी यंत्र घेतलं तो खेळ एकदाही न खेळता यंत्र जुनं झालं. हिने ते ऐकून काही टोमणा मारला नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता लिफ्टचं सांगतो, म्हणजे ते तुला बाहेरून कळू नये. तुला माहीतच आहे, मी लिफ्ट तपासतो, ती चालवायला योग्य आहे की नाही ते लिहून सही करतो, आणि माझ्या सहीचा कागद आत आरशाशेजारी लावतात. जुलै रद्द झाल्यावर कंपनीने जाहीर केलं की एका मंगळवारी सकाळी अकराला त्यांचे प्रमुख स्वतः पडद्यावर येऊन नवी तारीख सांगतील. त्या वेळी मी एका आठ मजली इमारतीत होतो. तिथे फोनला फक्त चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये नीट रेंज येते, हे मी सकाळीच शोधून ठेवलं होतं. अकराला तीन मिनिटं कमी असताना तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आत शिरल्या, बरोबर कपडे चढवून बघायचा बिनडोक्याचा पुतळा. तपासणी चालू असताना कोणाला आत घेऊ नये हा नियम मीच लोकांना शिकवतो. पण हुज्जत घालायला वेळ नव्हता. मी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली, बाईंना म्हटलं की ब्रेकची चाचणी आहे, दोन मिनिटं, आणि फोन काढला. प्रमुख आले. अंगात लष्करी रंगाचं जाकीट. ते म्हणाले की आमच्या लाडक्या सैनिकांनो, आणि तिथेच चित्र गोठलं. मी हात वर करून फोन धरला, पुतळ्याच्या खांद्यावर टेकवून पाहिला, चित्र हलेना. शेवटी लिफ्ट चालू करायला बटण दाबलं तर लिफ्टही हलेना. ब्रेक खरोखरच अडकला होता. त्याच लिफ्टच्या कागदावर दहा मिनिटांपूर्वी मी 'निर्दोष' लिहून सही केली होती, आणि तो कागद माझ्या नाकासमोर आरशाशेजारी होता.

चाळीस मिनिटं आम्ही तिघं आत होतो. बाई अजिबात घाबरल्या नाहीत. पुतळ्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं की एवढं काय बघत होतात. मला त्या घटकेला कोणीतरी विचारायलाच हवं होतं. मी सगळं सांगितलं, पूल, झेंडा, पेटी, सफरचंदं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "लढाई पुढे ढकलली तर लोक खूश होतात हो. रडणारे तुम्हीच पहिले पाहिले." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की तो पडलेला मामा उठला का. मी म्हटलं, "नाही." त्यांनी "हं" केलं आणि पिशवीतल्या टाचण्या काढून पुतळ्याच्या गळ्याला लावत बसल्या. लिफ्टच्या कारागिराने वरून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा त्याने आधी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस असल्यामुळे खाली बघत काम करत राहिला. प्रमुखांनी सांगितलेली तारीख मला दुपारी कळली. पुढच्या वर्षीचा मे.

मे रद्द झाला तेव्हा गुरुजींनी आलेखाचा कागद मागवला. आडव्या रेषेवर गेलेले महिने, उभ्या रेषेवर उरलेले महिने, असे त्यांनी सगळे ठिपके मांडले आणि शनिवारी आमच्याकडे येऊन समजावून सांगितलं. (शनिवार आम्ही मोडलेला नाही. पाचला गुरुजी आणि डॉक्टरीणबाई येतात, आम्ही तिघं काळ्या पडद्यापुढे बसतो, कधी ट्रेलर बघतो, सातला ते जातात.) एक महिना सरला की खेळाची तारीख सरासरी एक महिना दहा दिवसांनी पुढे सरकते. म्हणजे आपण खेळाच्या जवळ चाललेलो नाही, दर महिन्याला दहा दिवस लांब चाललो आहोत. गुरुजींनी हे अगदी शांतपणे सांगितलं, आठवीत सांगायचे तसं, आणि शेवटी विचारलं की कोणाला काही शंका. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मग वाट बघणं थांबवलं तर जवळ येईल का?" गुरुजींनी बराच विचार केला आणि म्हणाले की तेवढी माहिती आपल्याकडे नाही.

आता तुझं मरण. प्रत्येक तारखेला मी कार्यालयात रजा मागत होतो, आणि कारण म्हणून तुझा आजार लिहीत होतो. दुसरा कोणी सुचला नाही, शिवाय तू बोलतच नव्हतास, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. पहिल्यांदा तुला न्यूमोनिया झाला. मग हृदयाचं काहीतरी, मग तेच परत, मग चौथ्या वेळेला मी नुसतं 'गंभीर' लिहिलं. आमच्या साहेबबाई कडक आहेत, पण तुझ्याविषयी त्यांना माया वाटू लागली होती. फाइल हातात देताना हळूच विचारायच्या, मामा कसे आहेत. पाचवी तारीख होती गेल्या महिन्याची दहा. नऊला सकाळी मी कार्यालयात टेबलाशी बसलो असताना पत्रक आलं, पुन्हा तेच, दर्जा, तडजोड, आमचे लाडके सैनिक. या वेळी त्यांनी नवी तारीखसुद्धा दिली नव्हती. मामा, मी टेबलावर डोकं ठेवलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं की हे मामाला सांगायला हवं, आणि मग आठवलं की सांगता येत नाही. तेवढ्यात साहेबबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मामा?" मी म्हटलं, "हो."

शपथेवर सांगतो, मला खोटं बोलायचं नव्हतं. त्यांनी कशाबद्दल विचारलं ते मला पाच मिनिटांनी कळलं, तोवर सगळे उभे राहिले होते. अकरा माणसं, मान खाली, दोन मिनिटं. भांडारातल्या कारकुनाने डोळे पुसले, आणि तो माणूस स्वतःच्या बदलीलाही रडला नव्हता. मी त्या दोन मिनिटांत तोंड उघडू शकलो असतो. नाही उघडलं. मला वाटलं, निदान कोणीतरी उभं तरी आहे. त्यांनी सही केलेलं शोकपत्र सोबत जोडलं आहे, तुझंच आहे म्हणून. त्यात तुला 'हसतमुख' म्हटलंय, ते माझ्या सांगण्यावरून नाही. मला सक्तीने चार दिवस रजा दिली. ती रजा मी काळ्या पडद्यापुढे काढली.

त्या चार दिवसांतल्या एका सकाळी मी गुरुजींकडे गेलो. दार लोटलेलंच होतं. गुरुजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर त्यांचा कीबोर्ड होता. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती, गुंडाळून रबर लावून बाजूला ठेवली होती. ते बटणं दाबत होते, तोंडाने हळूहळू म्हणत होते, पुढे, डावीकडे, तोफ, मागे, मागे. मला पाहून थांबले नाहीत, धडा पुरा केला. मग म्हणाले की रोज सकाळी अर्धा तास करतो, बोटांनी विसरू नये म्हणून. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, मामा. कपबशी दोन्ही हातांनी धरतात. डॉक्टरांनी सांगितलंय की हे वाढत जाईल. कधी किती ते सांगितलं नाही. "त्यांनीही तारीख दिलेली नाही," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच थोडं हसले. निघताना त्यांनी विचारलं की नव्या भागात रणगाडा मागे घ्यायचं बटण तेच राहील ना. मी म्हटलं, तेच राहील. मला काहीच माहीत नाही.

घरी येताना मी मधेच एका बाकावर बसलो. नऊ वर्षं आपण चौघांनी काय केलं याचा विचार करत होतो. गुरुजींचा रणगाडा दर शनिवारी खड्ड्यात जायचा आणि तू दर शनिवारी मशीनगन टाकून त्यांना बाहेर काढायला जायचास, आणि प्रत्येक वेळी तुला गोळी लागायची, आणि मी तुला उठवायचो. एवढंच तर होतं. मी 'खेळच आहे' म्हणालो तेव्हा मला हरायची लाज वाटली होती, बाकी काही नाही. ज्या माणसाने अकराशे लोकांना सफरचंदाच्या पेटीपायी रजा घ्यायला लावल्या त्याला ते वाक्य म्हणायचा अधिकार नव्हता. मी तुला उचलायला यायला हवं होतं. वीस पावलं होती. झेंडाही मिळाला नाही.

फार लिहिलं. मामींनी इथवर वाचलं असेल तर त्यांचे उपकार. पाठ सांभाळ, ओझी उचलू नकोस. आई तुझी आठवण काढते, म्हणजे मला बोलते. थोरांना नमस्कार, लहान तुमच्याकडे कोणी नाही, आणि तुझ्यावर सगळा भार टाकून जगणारा

तुझा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. कंपनी येत्या शनिवारी पाचला खेळाची दोन तासांची चाचणी ठेवते आहे, फक्त जुन्या तुकड्यांसाठी, आणि चारही मूळ सैनिकांनी हजेरी लावली तरच तुकडी आत जाते. तिघांना दार उघडत नाही. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. तुझं जुनं खातं अजून जिवंत आहे, मी तपासलं. तुला फक्त तुझ्या घरून पाचला बटण दाबायचं आहे. माझ्याशी बोलायची अट नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पत्रक आलं. चाचणीही पुढे ढकलली आहे. दर्जा. तेव्हा वरचा ता. क. रद्द समजावा. खोडत नाही, कारण मामींना खाडाखोड आवडत नाही.

ता. क. ३. तरीही शनिवारी ये. घरून बटण दाबायला नको, गाडीने ये, सकाळची गाडी तीनला पोचते. खेळ नाही, चाचणी नाही, काहीही नाही. चौथी खुर्ची स्वयंपाकघरातून आणीन. गुरुजींना मी कालच सांगून टाकलं की तू येणार. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मला विचारलं, "ही तारीख त्यांनी स्वतः दिली आहे, की तुम्ही काढलीत?"